एका हाताचा चाकू

नृसिंहवाडीच्या घाटावर चाकू ही काही दचकण्याजोगी वस्तू नव्हे. पेढ्यांच्या पुड्याची दोरी कापायला, नातवंडांना पेरूच्या फोडी करून द्यायला, गावाकडून आणलेल्या उसाचे कांडे सोलायला पौर्णिमेला वाडीस येणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांच्या खिशात एखादा घडीचा चाकू असतोच. आमच्या मामांच्याही खिशात तो असतो. मामा शिरोळ तालुक्यातलेच. कृष्णाकाठी त्यांची थोडी काळी जमीन आहे, तीत ते वांगी आणि ऊस काढतात. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा डावा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला, त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे लोटली.

काही वर्षांपूर्वी दर्शन आटोपून आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मामांनी खिशातून चाकू काढला, त्याची मूठ दाढांत घट्ट धरली, उजव्या अंगठ्याचे नख पात्याच्या खाचेत रोवले आणि मान एका बाजूस व हात दुसऱ्या बाजूस नेऊन पाते ओढू लागले. ही त्यांची नेहमीची रीत. मात्र शेजारी बसलेल्या एका यात्रेकरूस ते पाहवले नाही. "द्या हो इकडं," म्हणत त्याने चाकू घेतला, उघडला, पुडाही मामांच्या मांडीवरून उचलला, दोरी कापली, चाकू मिटला आणि दोन्ही वस्तू परत केल्या. माणूस भला होता. त्याच्याविषयी आमची कसलीही तक्रार नाही. पण त्याने मामांस चाकू उघडून दिला नाही, तर मामांचे सगळे कामच करून टाकले. मामा त्यास "बरं झालं" म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर कुरुंदवाडचा पूल येईपर्यंत काही बोलले नाहीत.

या प्रसंगानंतर आम्ही एका अगदी क्षुल्लक वस्तूच्या शोधास लागलो. घडीच्या चाकूचे पाते एका हाताच्या अंगठ्याने उघडता यावे म्हणून पात्याला वरून बसवायची एक लहानशी खुंटी मिळते. तिच्याविषयी, आणि तिच्या निमित्ताने आमच्या वाचनाविषयी, येथे थोडे लिहावयाचे आहे. साहित्याच्या पानावर चाकूचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास एवढेच सांगतो की ज्या काळी बोरूने लिहीत, त्या काळी चाकूवाचून लेखन संभवत नव्हते. बोरू बोथट झाला की तासावा लागे, टोकास चीर द्यावी लागे. इंग्रजीत तर खिशातल्या चाकूचे एक जुने नावच लेखणीवरून पडले आहे. लिहिणाऱ्याच्या बैठकीत दौतीशेजारी जी वस्तू पडलेली असे, तिच्याविषयी लिहिणाऱ्यांनी चार शब्द खर्चायला हरकत नसावी.

घडीच्या चाकूची घडण आपण सहसा न्याहाळीत नाही. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लवचिक पट्टी असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून पाते मिटलेले असता मिटलेले आणि उघडलेले असता उघडलेले राहते. तो दाब ओलांडण्यासाठी पात्याच्या अंगावर नखाएवढी एक खाच कोरलेली असते. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचे नख खाचेत रोवायचे आणि पाते ओढायचे. या इवल्याशा खाचेत माणसाच्या देहाविषयीचे एक गृहीत कोरलेले आहे. या चाकूच्या धन्याला दोन हात असतील, दोन्ही मोकळे असतील आणि एकाच्या तरी अंगठ्याला शाबूत नख असेल, हे कारागिराने कोणाला न विचारता ठरवून टाकले आहे.

नखाचा विषय निघाला आहे, आणि गाव वाडी आहे, तेव्हा एक आठवण अपरिहार्य आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावाला नाव मिळाले ते श्रीनृसिंहसरस्वतींवरून. परंपरेनुसार त्यांनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले. त्यांचे नाव ज्या अवतारावरून आले, त्या नृसिंहाने हिरण्यकशिपूला मारले ते नखांनी. कोणत्याही शस्त्राने मरण येऊ नये असा वर त्या दैत्याने मागून घेतला होता; शस्त्रांची यादी करताना नख तेवढे राहून गेले. पुराणकथेच्या दृष्टीने नख हे शस्त्र नव्हे, देहाचा भाग आहे. पण जरा इकडे तिकडे पाहिले तर ही सीमारेषा किती पुसट आहे ते कळते. मिरज तालुक्यात आरग-बेडगच्या बाजूला पानमळे आहेत. वेलीवरून नागवेलीचे पान देठासकट स्वच्छ खुडले जावे म्हणून अंगठ्याला लोखंडी नख चढवण्याची रीत पानमळ्यांत जुनी आहे. खुद्द मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवण्याची परंपरा आहे. तेथील सतार वाजवणारा तर्जनीत तारेची नखी घालतो, तेव्हा कोठे तार नीट बोलते. वाडीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर माणसाने आपल्या बोटाला धातूचा जोड देऊन एकीकडे पान खुडले आहे, दुसरीकडे राग मांडला आहे. या जोडांना कोणी व्यंगावरचा उपाय म्हणत नाही. ती त्या त्या विद्येची साधने आहेत. हात जसा आहे तसा कामाला पुरत नाही, हे येथे सर्वांनी कधीच मान्य केलेले आहे.

मग तोच जोड बोटाऐवजी पात्याला दिला तर तो वेगळा का वाटावा?

मूठ धरलेल्याच हाताने पाते उघडणे ही कल्पनाही नवी नाही. न्हाव्याचा वस्तरा पाहावा. त्याच्या पात्याला बिजागरीच्या मागे एक वाकडे शेपूट असते. त्यावर बोट ठेवून पाते एका हाताने उघडता येते, सावरताही येते. न्हाव्याचा डावा हात गिऱ्हाइकाचे डोके धरण्यात गुंतलेला असतो, गालाची कातडी ताणण्यात गुंतलेला असतो. अडकित्त्याचेही तेच. एका मुठीत त्याचे दोन्ही दांडे मावतात, बोटे सैल केली की तो उघडतो, आवळली की सुपारी कातरते. या वस्तू घडवणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती: काम करणाऱ्याचा दुसरा हात बहुधा कोठेतरी अडकलेला असतो. गाठोडे धरलेला हमाल, कासरा धरलेला शेतकरी, शिडीवर चढलेला तारमिस्त्री, कडेवर मूल घेतलेली बाई ही सगळी माणसे तेवढ्या वेळापुरती एकाच हाताची असतात. मामांचा फरक एवढाच की त्यांचा हात त्या कामातून कधी मोकळा व्हायचा नाही.

घडीच्या चाकूच्या कारखानदारांना हे ध्यानात यायला बराच काळ लागला. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० क्रमांकाचा चाकू १९६४ च्या सुमारास बाजारात आला. त्याचे पाते उघडल्यावर पक्के अडकून बसते आणि दाब दिल्याशिवाय मिटत नाही, म्हणून तो फार लोकप्रिय झाला; पण उघडायला दोन हात लागत. पुढे अशा चाकूंसाठीच वरून बसवायच्या खुंट्या निघाल्या: पात्याच्या पाठीवर चढणारी लहानशी पकड, तिला आवळणारा बारीक स्क्रू आणि अंगठा टेकवायला पितळेचे वा पोलादाचे बोंड. १९८१ साली स्पायडर्को या कंपनीने आपल्या घडीच्या चाकूच्या पात्यालाच एक गोल भोक पाडले. अंगठ्याचे पेर त्या भोकाच्या कडेवर टेकवून ढकलले की पाते उघडते. वेगळा भाग नाही, स्क्रू नाही; असलेल्या पोलादातले थोडे काढून टाकले, एवढेच. हौशी लोकांनी पुढे त्या भोकात प्लास्टिकचा केबल टाय ओवून त्याचे डोके खिशाच्या काठात अडकेल अशी युक्ती काढली. चाकू खिशातून ओढता ओढताच उघडतो. ही शेवटची करामत आम्हांस रुचत नाही. तिच्यात सोयीपेक्षा झटक्याचा सोस अधिक आहे. मात्र या झटक्याकडे पुन्हा यावे लागेल, कारण सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

आता आमच्या खटाटोपाविषयी. आम्ही अशी एक खुंटी मागवली, आणि ती मामांच्या चाकूला बसली नाही. का, ते समजून घेण्यासारखे आहे. अशी खुंटी बसवायची तर मिटलेल्या पात्याची पाठ मुठीच्या बाहेर थोडी उघडी राहावी लागते. मामांच्या चाकूचे पाते मुठीत जवळजवळ पूर्ण बुडत होते. नखाच्या खाचेपुरतीच कड वर. त्यात २०१९ च्या महापुरात तो चाकू घरासकट पाण्याखाली राहिला होता. पूर ओसरल्यावर गाळातून निघाला तेव्हा पट्टीला गंज धरलेला. आधीच कडक असलेले पाते अधिकच हटून बसले होते. नवा चाकू घेऊ, असे आम्ही सुचवले. मामांनी मान हलवली. वाडीच्याच जत्रेत घेतलेला, हात जाण्याआधीचा तो चाकू होता.

शेवटी आम्ही जयसिंगपूरला एका लेथ चालवणाऱ्या कारागिराकडे गेलो. पात्याला भोक पाडता येईल का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, पाडता येईल, पण पाते तापले तर त्याचे पाणी उतरेल. मग धार टिकायची नाही. पोलादाच्या कठीणपणाला 'पाणी' म्हणणारी आपली भाषा आम्हांस त्या क्षणी नव्याने कळली. त्याने पात्याला हात न लावता मुठीची एक बाजू कानसीने अर्धचंद्राकार घासली, तेवढ्या जागेत पात्याची पाठ उघडी झाली. तेथे पितळेची छोटी पकड बसवून दोन स्क्रूंनी आवळली. पट्टीचा गंज काढला, ती किंचित घासून सैल केली. हे सैल करणे महत्त्वाचे. नखाची खाच बिजागरीपासून दूर असते, म्हणून तिला जोर थोडा पुरतो. खुंटी मात्र बिजागरीजवळ बसवावी लागते, कारण मूठ धरलेल्या हाताचा अंगठा तेवढाच पोहोचतो. तरफेचा नियम असा की अंतर घटले की जोर वाढवावा लागतो. कडक पट्टीच्या चाकूला नुसती खुंटी लावून भागत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

या जोडाचे तोटेही सांगितले पाहिजेत. एरवी हे लेखन जाहिरात ठरेल. खुंटीने पहिल्या पंधरवड्यातच मामांच्या खिशाचे अस्तर फाडले. मामींनी तेथे जाड कापडाचा तुकडा लावला. पेरू चिरताना पाते खुंटीपर्यंत गेले की अडते. अडकून बसणारी कळ या चाकूला नाही, तेव्हा पात्याच्या पाठीवर दाब पडला तर ते बोटांवर मिटण्याचा धोका राहतोच. म्हणून मामा टोचत नाहीत, ओढून कापतात. मिटवताना पात्याची पाठ मांडीवर टेकवून मूठ खाली दाबतात. उघडण्याइतकाच मिटवण्याचाही विचार व्हावा लागतो, हे आम्हांस आधी सुचले नव्हते; मामांनी ते पहिल्याच दिवशी केले.

गंमत अशी की घरात त्यांना यांपैकी कशाचीच गरज नसते. घरात विळी आहे. विळीचे पाते उभे, स्थिर. पाट पायाखाली दाबला की एका हाताने वांगे, कांदा, काकडी काहीही चिरता येते. एका हाताच्या माणसासाठी विळीइतके सोयीचे हत्यार दुसरे नसेल. हात गेल्यावर पहिल्या वर्षातच मामा विळीवर बसू लागले आणि भावकीत त्यावरून हसूही झाले. विळी हे बायकांचे हत्यार, हे शिक्षण ज्यांना मिळालेले नाही असा पुरुष आपल्याकडे विरळा. ज्या घरात दोन हातांचे पुरुष विळीला शिवत नाहीत, त्या घरात एका हाताच्या पुरुषाने ती वापरली की त्याचा हात दुसऱ्यांदा जातो. मामांनी त्या हसण्याकडे लक्ष दिले नाही. पण विळी खिशात घालून वाडीच्या घाटावर नेता येत नाही.

आमच्या एका प्राध्यापक मित्रास आम्ही हा सगळा खटाटोप सांगितला तेव्हा ते म्हणाले, "एका हाताने उघडतो तो गुंडाचा चाकू. तुम्ही शेतकऱ्याच्या चाकूचा रामपुरी केलात." या आक्षेपाला बळ आहे. हिंदी चित्रपटाने दोन-तीन पिढ्यांना हेच शिकवले. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारांनी चाकूवरून म्हटलेला संवाद आजही लोकांना पाठ आहे. खटका दाबला की पाते बाहेर, आणि पाते बाहेर आले की समोरचा गप्प: या दृश्यात एका हाताने उघडणे म्हणजे धाक. आणि त्याच रामपूर शहराने २०२३ साली आपल्या चाकूची वीस फुटी प्रतिकृती चौकात उभी केली, कारण तेथील कारागिरांच्या दृष्टीने ती पिढीजात कला आहे. वस्तू एकच, दोन वाचने.

कायदाही या वस्तूचे वाचनच करीत असतो, आणि ते वाचन तपासण्याजोगे आहे. भारतीय शस्त्र नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारे, घरगुती व शेतीकामाची वगळून, शस्त्रांत धरली. येथे मोजमाप आकाराचे आणि उपयोगाचे आहे. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, गरारीदार, बटनदार आणि अन्य कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे वा मिटणारे चाकू निर्बंधाखाली आणले, पाते ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असले की झाले. येथे मोजमाप उघडण्याच्या रीतीचे आहे. स्क्रूने आवळलेली पितळी खुंटी ही 'यांत्रिक युक्ती' मानायची की नाही? शब्दांवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांस या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच. हाच आकडा अमेरिकेच्या १९५८ च्या खटक्याच्या चाकूंविरुद्धच्या संघीय कायद्यात येतो, पण निराळ्या ठिकाणी. त्या कायद्यात जे अपवाद आहेत, त्यांपैकी एक असा: ज्यास एकच हात आहे अशा व्यक्तीने ३ इंच वा त्याहून आखूड पात्याचा असा चाकू जवळ बाळगल्यास व सोबत नेल्यास तो गुन्हा नव्हे. टोळीयुद्धांच्या धास्तीतून आलेला हा कायदा. पण तो लिहिताना कोणाला तरी एक हात नसलेला माणूस आठवला. त्यासाठी एक ओळ खर्ची पडली. आमच्या मते त्या सगळ्या कायद्यातली सर्वांत चांगली ओळ तीच.

याउलट जर्मनीने २००८ साली एका हाताने उघडणारे व पक्के अडकणारे चाकू सार्वजनिक जागी सबळ कारणावाचून बाळगण्यास बंदी केली. आणि स्वित्झर्लंडने आपल्या सैनिकांसाठी जो नवा चाकू निवडला, तो २००८ च्याच नमुन्याचा, एका हाताने उघडणारा. शेजारच्या दोन देशांनी एकाच सुमारास एकाच गुणाला एकीकडे संशयित ठरवले, दुसरीकडे कर्तव्याचे साधन. आपल्याकडेही सणासुदीच्या वा आंदोलनांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हाभर बंदी आदेश निघतात. त्यांत सुरे, काठ्या, दंडुके जवळ बाळगण्यास मनाई असते. मात्र शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना काठी लागते, त्यांना पुष्कळदा त्यातून वगळलेले असते. काठी हा पायाचा आधार, हे आपल्या शासनाला उमगलेले आहे. हाताचाही आधार असू शकतो, एवढेच उमगायचे राहिले आहे.

या सगळ्या वाचनांत एक समान धागा आहे, आणि तेथेच आमचा मूळ मुद्दा आहे. एका हाताने उघडणाऱ्या चाकूचा विचार करताना सर्वांच्या डोळ्यांपुढे वेग येतो. चित्रपटाला वेग हवा असतो, पोलिसांना वेगाचे भय असते, हौशी माणसाला वेगाची चटक असते. मामांच्या चाकूला वेग नाही. अंगठा खुंटीवर टेकतो, जरा घसरतो, पुन्हा टेकतो. पाते अर्ध्यावर येऊन थांबते, मग मामा मूठ फिरवून घेतात आणि उरलेले अर्धे उघडतात. दोन हातांचा माणूस याच्या आधी उघडून मोकळा होईल. जोडाने मामांस मिळाले ते एवढेच की कोणाला "जरा उघडून दे" म्हणावे लागत नाही. शीघ्रता आणि स्वाधीनता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्यामुळे आपण एका सोयीला शस्त्र समजून बसलो आहोत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांस या ठिकाणी एकलव्य आठवावा. अंगठा मागितला गेला आणि दिला गेला, हा प्रसंग मराठीत किती वेळा आला असेल! गुरुभक्तीचा आदर्श म्हणून पाठ्यपुस्तकांत आला. पुढे ज्यांनी तो उलट बाजूने वाचला, त्यांनी त्यातला अन्याय उघडा केला, आणि ते वाचन आज आमचेही आहे. पण दोन्ही वाचने अंगठा तुटण्याच्या क्षणापाशी थांबतात. महाभारताचे आदिपर्व मात्र थांबत नाही. ते पुढे सांगते की त्यानंतर एकलव्य उरलेल्या बोटांनी धनुष्याची दोरी ओढू लागला, पण पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही. येथेही मोजमाप वेगाचेच, हे खरे. तरी व्यासांनी त्याला पुन्हा धनुष्य उचलताना पाहिले आहे. नवी पकड त्याने कशी शोधली? पहिला बाण किती हातांवर पडला? दोरीने बोटे किती सोलली? यांविषयी आमच्या वाचनात मराठीत फारसे आलेले नाही. आपल्या साहित्यात हात तुटतात. तुटलेल्या हाताचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याची गुंडी कशी लावतो, ते क्वचितच येते.

हे केवळ साहित्याचे अपयश नव्हे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा हिशेब दिलेला होता: हात गेला तर कमाईची शक्ती ६० टक्के गेली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के. मामांचा हात त्यांच्याच शेतावर, त्यांच्याच यंत्रात गेला; तेव्हा हा हिशेबही त्यांच्या वाट्याला आला नाही. आला असता तरी त्या ६० टक्क्यांत घाटावर बसून पुड्याची दोरी कापणे कोठे बसले असते? ज्या कृतीतून पैसा निघत नाही तिला त्या परिशिष्टात रकाना नव्हता, आणि ज्या कृतीतून शोकांतिका निघत नाही तिला आपल्या कथेत रकाना नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तरी सर्वांना शक्य तितकी वापरता येईल अशा वस्तुरचनेची व्याख्या आली आहे. ती व्याख्या सरकारी इमारतीच्या उतारवाटेपाशी न थांबता खिशातल्या चाकूपर्यंत यावी, एवढीच अपेक्षा.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. चाकू घडवणाऱ्यांनी पात्याला पाणी चढवण्याआधीच अंगठ्यापुरते भोक किंवा खुंटी ठेवावी. त्याने किंमत फारशी वाढत नाही आणि दोन हातांच्या माणसाचे काही बिघडत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी चाकू किती चटकन उघडतो एवढेच न पाहता तो कोणाच्या हाती आणि कशासाठी आहे हे पाहावे. काठीला जो अपवाद मिळतो तो याही आधाराला मिळावा. आणि आम्ही जे साहित्य शिकतो-शिकवतो, त्यांनी एखाद्या कथेत देह मोडला की त्याचे प्रतीक करून टाकण्याची घाई करू नये. लेखकाने त्या पात्राला दुसरी सकाळ दिली आहे का, हे विचारावे. 'एका हाताने टाळी वाजत नाही' ही म्हण आम्ही मामांसमोर एकदा नकळत बोलून गेलो. मामांनी उजव्या हाताने मांडीवर थाप मारून दाखवली.

गेल्या पौर्णिमेस पुन्हा वाडीस जाणे झाले. गर्दी होती, त्याच पायऱ्यांवर जागा मिळाली. मामांनी पुडा मांडीवर घेतला, चाकू काढला, दुसऱ्या खेपेस अंगठा नीट टेकला, पाते उघडले. दोरी कापली. शेजारच्या बाईंच्या कडेवर मूल होते आणि त्यांच्याही हातात तसाच बांधलेला पुडा होता. मामा म्हणाले, "आणा हिकडं." त्यांनी तीही दोरी कापली आणि पुडा मात्र बाईंच्याच हातात राहू दिला.